आटे जुळले पाहिजेत

गावाकडून मुंबईला आलेल्या माणसाची आणि टॅक्सीची पहिली गाठ पुष्कळदा दादर स्टेशनाबाहेर पडते. कोणी आप्त परळच्या रुग्णालयात असतो. केईएम असेल, नाही तर टाटा. हातात पिशवी, खिशात वॉर्डाचा नंबर लिहिलेली चिठ्ठी आणि मनात धाकधूक. अशा वेळी काळ्या अंगाची, पिवळ्या टपाची गाडी समोर येऊन उभी राहते. आपण आत बसतो आणि म्हणतो, "परळ." पुढचं सगळं त्या गाडीवर सोपवून मोकळे होतो. ब्रेक लागेल ना, चाक निखळणार नाही ना, असले प्रश्न आपल्या मनात येतही नाहीत.

हा विश्वास आपण कुणावर टाकतो? टॅक्सीवाल्यावर, हे तर खरंच. पण ज्यांची तोंडं आपण कधी पाहिली नाहीत, ज्यांची भाषाही आपल्याला येत नाही, अशा पुष्कळ माणसांवरही आपण तो टाकतो. कित्येक वर्षे मुंबईची टॅक्सी म्हणजे फियाट, असे समीकरणच होते. तिचे मूळ रूप इटलीतल्या तुरीन शहरी, दान्ते जाकोसा या इंजिनियराच्या देखरेखीखाली तयार झाले. ती बांधली गेली आपल्या कुर्ल्याला. पुढे तिचे नाव पद्मिनी झाले, पण लोकांच्या तोंडी ती फियाटच राहिली. ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेली अशी शेवटची टॅक्सी वीस वर्षांची मुदत संपून ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. आता टॅक्सीचा रंग तोच आहे, गाड्या मात्र वेगळ्या आहेत.

तुरीनच्या माणसाने काढलेली गाडी कुर्ल्याच्या माणसाने कशी बांधली? एकाला मराठी येत नाही, दुसऱ्याला इटालियन येत नाही. मग त्यांनी एकमेकांशी बोलणं केलं कोणत्या भाषेत? त्याची ही हकीकत. आणि ती सांगायला मला मोठ्या यंत्रापाशी जायचं कारण नाही. एक साधा नटबोल्ट पुरे.

आटे म्हणजे काय?

घरात, विहिरीच्या पंपापाशी किंवा सायकलीच्या डब्यात एखादा बोल्ट सापडेल. तो हातात घ्या. त्याच्या अंगावर गोल गोल चढत गेलेली खाच दिसते. हेच ते आटे. मिस्त्री म्हणतो, "याचे आटे गेलेत," म्हणजे नट आता धरणार नाही.

गुरुजींना वर्गात हे दाखवायचं तर सोपी युक्ती आहे. कागदाचा एक काटकोन त्रिकोण कापा आणि तो पेन्सिलीभोवती गुंडाळा. त्रिकोणाची तिरकी बाजू पेन्सिलीवर वळसे घेत वर चढलेली दिसेल. घाटाचा रस्ता डोंगराला वळसे घेत चढतो ना, तसाच. आटा म्हणजे लोखंडाच्या कांबीवर चढलेला घाटच.

आता नट बोल्टवर बसायचा तर तीन गोष्टी जुळायला हव्यात. पहिली, बोल्टची जाडी. दुसरी, एका फेऱ्यात नट किती पुढे सरकतो ते अंतर. याला पिच म्हणतात. आणि तिसरी, दोन आट्यांमधल्या खाचेचा कोन. यातली एक जरी चुकली तरी नट एकदोन फेरे जातो आणि अडतो. जोर केला तर दोघांचेही आटे जातात.

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी या तीन गोष्टी देशोदेशी वेगळ्या होत्या. त्याही आधी तर एका देशातही त्या सारख्या नव्हत्या. प्रत्येक कारखान्याचे आटे आपापले. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने अनेक कारखान्यांतले बोल्ट गोळा केले, त्यांची मापे घेतली आणि १८४१ मध्ये सर्वांना चालेल असे एक माप सुचवले. त्याच्या आट्याचा कोन ५५ अंशांचा. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ मध्ये आपले माप मांडले. त्याचा कोन ६० अंशांचा. दोघेही इंचात मोजणारे. पण आपले मिस्त्री ज्याला चार सुती म्हणतात तो अर्ध्या इंचाचा जाड आट्यांचा बोल्ट घेतला, तर ब्रिटिश बोल्टवर एका इंचात १२ आटे आणि अमेरिकन बोल्टवर १३! इकडे युरोपातल्या मीटर वापरणाऱ्या देशांचे इंजिनियर १८९८ मध्ये झुरिचला जमले आणि त्यांनी मिलिमीटरचे आटे ठरवले.

म्हणजे एक घर फुटून दोन व्हावीत आणि दोनाची तीन, तसा हा प्रकार झाला. आणि गंमत अशी की ही तिन्ही घरे एके दिवशी मुंबईत येऊन शेजारी राहिली.

शिवडीची खोकी

परळ-लालबागच्या कापडगिरण्या उभ्या राहिल्या तेव्हा त्यांतली यंत्रे बहुतेक लँकेशायरहून आली. त्या यंत्रांबरोबर ब्रिटिश आटे आले. गिरणीच्या वर्कशॉपमधला फिटर आणि टर्नर इंचावर आणि सुतावर वाढला. त्याला चार सूत, पाच सूत म्हटलं की डोळ्यांसमोर माप उभं राहतं.

मग मोटारी आल्या. लालबागहून फार दूर नाही, त्या शिवडीला १९२८ मध्ये जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. गाडीचे सुटे भाग मोठमोठ्या खोक्यांत भरून बोटीने बंदरावर यायचे. इथले कामगार ती खोकी उघडायचे, भाग जोडायचे आणि गाडी रस्त्यावर आणायचे. त्यांच्याबरोबर अमेरिकन आटे आले. पुढे स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपगाड्या अशाच सुट्या भागांत आणवल्या आणि माझगावला जोडायला घेतल्या. आज खेड्यापाड्यात जीप हा शब्द ज्याला ठाऊक नाही असा माणूस विरळा.

खोक्यांचा धंदा वाईट होता असे मी म्हणणार नाही. त्यातून हजारो हातांना पाना धरायची सवय झाली. गाडी आतून कशी असते ते कळले. पण त्या सहकार्याला एक मर्यादा होती. खोक्यात जे येईल ते जोडायचे, एवढेच इथल्या माणसाच्या हाती होते. तो भाग तसाच का केला, पोलाद कोणते घेतले, एखादा भाग इथे करायचा तर कसा करायचा, हे खोक्यात येत नव्हते. बोट आली नाही की काम बंद. ज्याला फक्त जोडता येते त्याला दुसऱ्याच्या बोटीची वाट पाहावी लागते.

वाट पाहायची नाही असे ठरवणारे

ही वाट पाहायची नाही, असे ज्यांना प्रथम तीव्रतेने वाटले त्यांत दोन नावे महाराष्ट्राला जवळची आहेत. एक, सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. जन्म म्हैसूरकडचा, पण इंजिनियरीचे शिक्षण पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये आणि नोकरी मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात. वयाची सत्तरी उलटल्यावर, १९३५ मध्ये, त्यांनी युरोप-अमेरिकेचा दौरा करून मोटारीचे कारखाने पाहिले आणि मुंबईत मोटारीचा कारखाना काढण्याची योजना तयार केली. दुसरे, सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद. त्यांनी ती योजना उचलून धरली.

कारखाना काढायचा तर शिकवणारा हवा. बड्या अमेरिकन कंपन्यांशी बोलणी झाली. शेवटी क्रायस्लर कंपनी तयार झाली. पण महायुद्ध पेटले होते आणि त्या वेळच्या इंग्रज सरकारने या कारखान्याला हात दिला नाही. वालचंदांनी धीर सोडला नाही. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली आणि १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्याच वर्षी, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला आणि १९५४ पासून फियाटची अकराशे नंबरची गाडी इथे होऊ लागली. वालचंद मात्र ती पाहायला राहिले नाहीत. १९५३ मध्येच ते गेले.

त्याच १९५३ साली भारत सरकारने धोरण ठरवले की जो परदेशी कारखानदार भाग इथेच तयार करण्याचा कार्यक्रम हाती घेणार नाही त्याने इथला जोडकामाचा गाशा गुंडाळावा. १९५४ मध्ये शिवडीचे जनरल मोटर्सचे जोडकाम थांबले. कुर्ल्याला मात्र भाग इथेच बनवण्याचे काम पुढे चालले. शिवडीहून कुर्ला काही फार लांब नाही, पण जोडण्यापासून घडवण्यापर्यंतचे अंतर फार मोठे आहे.

आराखड्याची भाषा

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. तुरीनचा माणूस आणि कुर्ल्याचा माणूस बोलले कसे?

ते आराखड्यातून बोलले. यंत्राचा आराखडा म्हणजे नुसते चित्र नव्हे. त्यात प्रत्येक भागाची लांबी, जाडी, भोकाचा व्यास, धातूची जात, सगळे लिहिलेले असते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे किती चूक चालेल तेही लिहिलेले असते. हे ऐकून तुम्हाला नवल वाटेल. पण जगात कोणताही कारागीर अगदी अचूक माप काढू शकत नाही. वीस मिलिमीटरचा दांडा काढायला सांगितला तर एखादा केसभर कमी निघेल, एखादा केसभर जास्त. शहाणा इंजिनियर म्हणतो, "बाबा रे, चूक होणार हे मला ठाऊक आहे. पण इथपासून इथपर्यंतच हो. त्यापलीकडे गेलास तर तो दांडा बाजूला काढ." या चालणाऱ्या चुकीच्या हद्दीवर सगळी मोटार उभी असते. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यात जी फट ठेवतात ती पुष्कळदा केसाच्या जाडीहूनही कमी असते.

ही हद्द कामगाराने तपासायची कशी? त्यासाठी दुतोंडी मापक वापरतात. समजा, भोक तपासायचे आहे. मापकाचे एक टोक त्यात आरपार गेले पाहिजे आणि दुसरे टोक अडले पाहिजे. पहिले गेले नाही तर भोक लहान झाले. दुसरेही गेले तर भोक मोठे झाले. पहिले गेले आणि दुसरे अडले, तर भोक बरोबर. हे समजायला इटालियन लागत नाही, इंग्रजी लागत नाही, फारसे वाचताही यावे लागत नाही. लोखंडच सांगते, हो किंवा नाही.

म्हणून मी म्हणतो की दोन देशांच्या इंजिनियरांचे खरे सहकार्य मेजवानीच्या टेबलावर होत नाही आणि करारावरच्या सहीनेही पुरे होत नाही. तुरीनच्या मापकाचे टोक कुर्ल्याच्या भोकात जिथे जायला हवे तिथे जाते आणि जिथे अडायला हवे तिथे अडते, तेव्हा ते झाले असे समजावे.

असाच दुसरा करार टाटांचा. मुंबईच्या फोर्टमधल्या बॉम्बे हाऊसमधून ज्यांचा कारभार चाले त्या टेल्को कंपनीने १९५४ मध्ये जर्मनीच्या डेमलर-बेंझशी हातमिळवणी केली. जमशेदपूरला मालमोटारी होऊ लागल्या. कराराची मुदत १९६९ मध्ये संपली तेव्हा गाड्या थांबल्या नाहीत. नाकावरचा बेंझचा तारा गेला आणि टाटांची स्वतःची खूण आली. मधल्या पंधरा वर्षांत इथली माणसे शिकून तयार झाली होती. यामागे मुंबईत जन्मलेले इंजिनियर सुमंत मुळगावकर यांची दृष्टी होती. पुण्याजवळ पिंपरीला त्यांनी कारखाना उभारला तेव्हा गाड्यांच्या आधी माणसे घडवण्याकडे आणि हत्यारे घडवण्याकडे लक्ष दिले. हत्यार घडवणाऱ्याला दुसऱ्याच्या खोक्याची वाट पाहावी लागत नाही.

इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. आपली फियाट इमानी होती, तिने हजारो घरांची चूल पेटती ठेवली. पण इटलीत अकराशेची गाडी १९६९ मध्ये बंद झाली आणि इथे तिचेच रूप २००० सालाच्या सुमारापर्यंत चालले. आपण घडवायला शिकलो, पण घडवलेले सुधारायचे पुष्कळ वर्षे टाळले. परवाने मोजके, गाड्या कमी, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसलेले. मग सुधारणेची घाई कुणाला? गुरूकडून मंत्र घेतला आणि तोच जपत बसले, असे झाले. सहकार्याचे फळ पुरते मिळायचे तर शिष्याने गुरूला कधीतरी नवा प्रश्न विचारला पाहिजे.

मिस्त्रीच्या पेटीतली तीन घरे

आता लालबागच्या एखाद्या गल्लीतल्या गॅरेजकडे मनाने चला. काळ, समजा, फियाट नवी होती तेव्हाचा. सकाळी जीप आली. तिचे बोल्ट अमेरिकन इंचाचे. दुपारी कुणाचा लेलँडचा ट्रक आला. त्याचे आटे ब्रिटिश. संध्याकाळी फियाट टॅक्सी आली. तिचे सगळे मिलिमीटरचे. एका मिस्त्रीच्या पेटीत तीन घरचे पाने! आणि पोऱ्या घाईत चुकीचा पाना उचलतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर १३ मिलिमीटरचा पाना चढतो, पण तीन दशांश मिलिमीटर सैल बसतो. जोर दिला की पाना घसरतो, बोल्टचे माथे गोल होते, पोऱ्याची बोटे सोलवटतात आणि वर मिस्त्रीचा शब्द ऐकावा लागतो तो निराळाच.

शहरात निदान दुसरे दुकान असते. पण हीच गाडी एखाद्या आडगावी, पावसात, आजारी माणूस घेऊन उभी राहिली तर? गावातल्या लोहाराकडे बोल्ट आहे, पण त्याचे आटे जुळत नाहीत. दोन आण्यांच्या वस्तूसाठी माणसाचा जीव टांगणीला लागतो. आटे जुळण्याचे मोल तिथे कळते.

हे मोल मोठ्या राष्ट्रांनाही युद्धात कळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या पॅकार्ड या मोटार कंपनीने इंग्लंडच्या रोल्स-रॉइसचे मर्लिन हे विमानाचे इंजिन बनवायला घेतले. पण अमेरिकेत ब्रिटिश आटे पाडायची हत्यारेच मिळेनात. ती त्यांना स्वतः बनवून घ्यावी लागली. दोन्ही देशांची भाषा एक, शत्रू एक, आणि नटबोल्ट मात्र वेगळे! युद्ध संपल्यावर १८ नोव्हेंबर १९४८ रोजी अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी वॉशिंग्टनला एकाच आट्यावर सही केली.

त्याच सुमारास जगभरच्या मापांचा मेळ घालण्यासाठी आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरण संघटना, म्हणजे आयएसओ, ही संस्था १९४७ मध्ये कामाला लागली. तिच्या तांत्रिक समित्यांना क्रमांक असतात. पहिल्या क्रमांकाची समिती कशाची असेल? विमानाची नाही, विजेची नाही. आट्यांची! आपल्याकडेही १९४७ मध्येच भारतीय मानक संस्था निघाली. तिचेच पुढे १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरो झाले. आणि १९४८ मध्ये पॅरिसला फिसिटा हा मोटार इंजिनियरांच्या संस्थांचा जागतिक संघ स्थापन झाला. त्याची जागतिक परिषद २०१८ मध्ये चेन्नईला भरली होती.

आपण १९५६ मध्ये मेट्रिक पद्धतीचा कायदा केला. शेर-मण जाऊन किलो आला, कोस-मैल जाऊन किलोमीटर आला. पुष्कळांना तो त्रास वाटला. बाजारात कुरकूर झाली. पण त्या कुरकुरीतून आपण जगाच्या मोठ्या घरात शिरलो. आज नव्या गाडीपाशी मिस्त्रीला बहुधा एकाच घरचे पाने पुरतात.

जीव वाचवणारा करार

मापे जुळली की पुढची पायरी सुरक्षिततेची. हेल्मेट किती मार सोसेल, ब्रेक लावल्यावर गाडी किती अंतरात थांबली पाहिजे, दिवा समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून कसा असावा, हे प्रत्येक देशाने वेगवेगळे शोधत बसायचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छत्राखाली जिनिव्हाला देशोदेशींचे वाहनतज्ज्ञ बसून असे नियम ठरवतात. १९५८ पासून तसे करार होत आले आहेत आणि १९९८ च्या करारात भारत २००६ मध्ये सामील झाला. नियम कागदावर असून भागत नाही, गाडी तपासावी लागते. ते काम आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही संस्था करते. ती १९६६ मध्ये निघाली.

या सगळ्यात मला एक गोष्ट फार आवडते. मोटारीत बसल्यावर आपण खांद्यावरून आणि कमरेवरून जो पट्टा बांधतो तो नील्स बोलिन या स्वीडिश इंजिनियराने १९५९ मध्ये व्होल्व्हो कंपनीसाठी तयार केला. कंपनीच्या हाती त्याचे पेटंट होते. तिने मनात आणले असते तर दुसऱ्यांना तो वापरू दिला नसता, नाही तर पैसे मागितले असते. पण तिने तो सर्वांना मोकळा केला. विहीर आपल्या रानात लागली तरी तहानलेल्याला पाणी नाकारू नये, हा आपल्याकडचाही जुना रिवाज आहे. तेव्हा पुढच्या वेळी पट्टा बांधायचा कंटाळा आला, तर एवढे आठवा.

शाळेच्या आवारातला धडा

शिक्षक मित्रांनो, हा विषय मुलांना दाखवायला मुंबईला यायची गरज नाही. शाळेच्या आवारात उभी असलेली एखादी अलीकडची मोटारसायकल किंवा मोटार पुरे.

प्रथम तिचा चासी नंबर पाहा. तो आरसी बुकातही असतो. मुलांना अक्षरे आणि आकडे मोजायला सांगा. सतरा भरतील. जगाच्या पाठीवर कुठेही बनलेल्या गाडीला असाच सतरा खुणांचा नंबर असावा, असे आयएसओच्या समितीत ठरले आहे. गाडी भारतात बनलेली असेल तर पहिले अक्षर एम असेल आणि दुसरे बहुधा ए, बी, सी, डी किंवा ई. या नंबरात आय, ओ आणि क्यू ही तीन इंग्रजी अक्षरे कधी सापडणार नाहीत. का, ते मुलांनाच शोधू द्या. एक आणि शून्य या आकड्यांशी त्यांची गल्लत होते, हे हुशार मूल चटकन सांगेल.

मग मोटारीच्या टायरवरची अक्षरे वाचा. समजा, तिथे १६५, मग तिरकी रेघ, मग ८०, मग आर, मग १४ असे आकडे आहेत. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, बाजूची उंची रुंदीच्या शेकडा किती ते. आणि शेवटचा आकडा आतल्या चाकाचा व्यास, पण इंचात! एकाच टायरवर मिलिमीटर आणि इंच शेजारी शेजारी बसलेले आहेत. भांडणारे दोघे भाऊ एका पंगतीला बसावेत तसे. तडजोड केली तरी काम अडत नाही, आणि अडत नसेल तर ती तडजोड चांगली, एवढा धडा त्यातून घेता येईल.

नवे आटे

शेवटी आजची गोष्ट. मुंबईत पहिली बस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत धावली. १९३७ मध्ये दुमजली बस आली. जुन्या डिझेलच्या दुमजली बसने १५ सप्टेंबर २०२३ रोजी निरोप घेतला. तिच्या आधीच, त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत, विजेवर चालणारी दुमजली बस रस्त्यावर आली होती. धूर नाही, घरघर नाही.

पण विजेच्या गाडीला वीज भरावी लागते. त्यासाठी प्लग लागतो. आणि इथे पुन्हा तोच जुना प्रश्न उभा! जपानने आपला प्लग काढला, युरोपाने आपला, चीनने आपला. तीन घरे पुन्हा वेगळी. आपल्याकडेही सुरुवातीला एकाहून अधिक तऱ्हा होत्या आणि मोटारींसाठी हळूहळू युरोपी पद्धतीचा प्लग रूढ होत आहे. उद्या तुमच्या तालुक्याच्या गावी विजेची गाडी भरायची सोय झाली आणि गाडीचा प्लग तिथे बसलाच नाही, तर त्या खांबाचा उपयोग काय? प्लग हा या काळातला आटा आहे. तो जुळवण्याच्या बैठका जिथे चालतात तिथे आपली माणसे बसली पाहिजेत. नुसती सही करायला नव्हे, तर आपला रस्ता, आपला उन्हाळा, आपला पाऊस, आपल्या गावातली वीज कशी असते ते सांगायला. दुसऱ्याने ठरवलेले मुकाट्याने घेणे म्हणजे पुन्हा शिवडीची खोकी उघडणे होय.

ही माणसे येणार कुठून? काही मुंबईच्या माटुंग्यातल्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांतून येतील. पण त्याही आधी ती तुमच्या वर्गातून येतील. पेन्सिलीभोवती कागदाचा त्रिकोण गुंडाळणारे एखादे मूल उद्या जिनिव्हाच्या टेबलापाशी बसलेले असेल. त्याला मोजायला शिकवा, चूक किती चालेल हे ठरवायला शिकवा, आणि ज्याची भाषा आपल्याला येत नाही त्याच्याशीही मापाने बोलता येते, हे सांगा.

आणि तुम्ही पुन्हा कधी दादरला उतराल, टॅक्सीत बसून "परळ" म्हणाल, तेव्हा दार लावताना क्षणभर त्या दाराच्या बिजागरीतल्या स्क्रूकडे पाहा. आप्ताच्या खाटेपाशी तुम्ही वेळेवर पोहोचावं म्हणून कितीतरी देशांतली माणसं त्या स्क्रूवर एकमताची झाली आहेत.